बोर्डामागचा हात

सुट्टीत सर्फिंगचा पहिला धडा घ्यायला आलेला माणूस घाईत असतो. बोर्ड हातात यावा, पाण्यात शिरावं, उभं राहिल्याचा एक तरी फोटो निघावा, एवढंच त्याच्या मनात असतं. चांगला शिक्षक मात्र त्याला आधी वाळूवर बसवतो आणि समोरच्या पाण्याकडे बघायला लावतो. लाटा कुठे फुटताहेत? मोठ्या लाटांचा एक घोळका येऊन गेला की पाणी किती वेळ शांत राहतं? फेस कुठल्या बाजूला वाहतोय, आणि कुठल्या पट्ट्यात फेस अजिबात दिसत नाही? पाहुण्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. खरं तर खासगी धड्याचे पैसे तो याच गोष्टीसाठी मोजत असतो. बोर्ड भाड्याने मिळतो. पाणी ओळखणारी नजर शिक्षकासोबत येते, आणि सुट्टीतल्या दीड-दोन तासांत त्या नजरेचा होईल तेवढा फायदा करून घ्यायचा असतो.

मराठी पर्यटकाला हे शिकायला फार लांब जावं लागत नाही. गोव्यात हरमल, आश्वे, मोरजी या भागात सर्फिंगच्या शाळा आहेत. भारतात हा खेळ कसा रुजला ते बघायचं असेल, तर आणखी दक्षिणेला, कर्नाटकातल्या मुल्कीला उतरावं. कोकण रेल्वेनेच जाता येतं. शांभवी नदी समुद्राला मिळते तिथलं हे छोटं गाव. जॅक हेब्नर हा मूळचा अमेरिकी संन्यासी इथे आश्रम करून राहिला. तरुणपणापासून लाटांवर वाढलेल्या या माणसाने 2004 मध्ये आश्रमालाच जोडून मंत्रा सर्फ क्लब सुरू केला आणि ‘सर्फिंग स्वामी’ म्हणून तो ओळखला जाऊ लागला. मुंबईची ईशिता मालविया 2007 मध्ये जवळच्या मणिपालला पत्रकारिता शिकत होती. तिथे आलेल्या एका जर्मन विद्यार्थ्यामुळे तिला या आश्रमाचा पत्ता लागला. ती तिथे सर्फिंग शिकली आणि पुढे तुषार पाथियनबरोबर तिने शाका सर्फ क्लब काढला. त्यासाठी त्यांनी निवडलेलं कोडी बेंगरे हे मच्छीमारांचं गाव एका चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सुवर्णा नदी. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून आज ईशिताचं नाव घेतलं जातं.

पर्यटकाने स्थानिक जाणकाराकडून एकट्याने धडा घेण्याची पद्धत मात्र याहून खूप जुनी आहे. ती घडली हवाईच्या वायकीकी किनाऱ्यावर. तिथे 1901 मध्ये मोआना हॉटेल उभं राहिलं, अमेरिकेतून बोटीने पाहुणे येऊ लागले, आणि किनाऱ्यावरच्या हवाईयन तरुणांना नवा रोजगार मिळाला. हे ‘बीच बॉइज’ पाहुण्यांना होडीतून फिरवत आणि लाटेवर उभं राहायला शिकवत. पोहण्यात 1912 चं ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारा आणि सर्फिंग जगभर नेणारा ड्यूक कहानामोकू याच किनाऱ्यावर वाढला.

कादंबरीकार जॅक लंडन 1907 मध्ये स्वतःच्या बोटीने तिथे पोचला. अलेक्झांडर ह्यूम फोर्ड नावाच्या गृहस्थाने त्याला बोर्डावर पालथं झोपवलं, लाट जवळ आली की नेमक्या क्षणी मागून ढकललं, आणि लंडनला लाट मिळाली. त्या दिवशी तो उन्हात इतका भाजला की नंतर त्याला अंथरूण धरावं लागलं. तरी त्याने या खेळावर भरभरून लिहिलं. रहस्यकथांची राणी अगाथा ख्रिस्तीही 1922 मध्ये नवऱ्यासोबतच्या जगप्रवासात आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग वायकीकीला लाटांवर स्वार झाली. आत्मचरित्रात तिने हे दिवस फार प्रेमाने नोंदवले आहेत. बरोबर लाट ओळखता यायला हवी, आणि चुकीची लाट ओळखणं तर त्याहून महत्त्वाचं, हा तिने तिथून घेतलेला अनुभव. तेव्हापासून बोर्ड बदलले, जड लाकडाच्या जागी हलका फोम आला, पण शिकवण्याची रीत फारशी बदललेली नाही. लाट दुसरा कुणीतरी ओळखतो आणि दुसरा कुणीतरी ढकलतो.

हे ढकलणं का लागतं, याला साधा हिशोब आहे. लाट जसजशी उथळ पाण्यात येते, तसतसा तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते. म्हणजे पाऊण ते एक मीटर उंचीची, नवशिक्याला झेपेल अशी लाट कमरेपासून छातीपर्यंतच्या पाण्यात फुटते. नेमक्या तिथेच शिक्षक पाय टेकून उभा राहू शकतो. एवढ्या पाण्यातही ही लाट ताशी बारा-तेरा किलोमीटरने पुढे सरकते. नवख्या माणसाच्या हातांनी वल्हवलेला बोर्ड जेमतेम चालण्याच्या वेगाने जातो. दोन्ही वेगांत एवढी तफावत असली की लाट बोर्डाखालून निघून जाते आणि माणूस तिथेच राहतो. ती तफावत शिक्षक आपल्या दोन हातांनी भरून काढतो. सराईत सर्फर ढाळ किती आहे ते बघून जागा धरतो, जोराने वल्हवतो, आणि त्याला कुणाची गरज लागत नाही. ते कसब यायला बरेच महिने जातात. सुट्टी चार दिवसांची असते.

त्या लाटांचा उगमही समजून घेण्यासारखा आहे. जून ते सप्टेंबर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मोसमी वारे समुद्र घुसळून काढतात आणि तेव्हा नवशिक्याने पाण्याकडे फिरकू नये. ऑक्टोबरनंतर समुद्र निवळतो. मग वारा पडलेला असतानाही किनाऱ्यावर एकामागून एक नीट ओळीने लाटा येत राहतात, त्या येतात कुठून? त्यातल्या पुष्कळशा हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळांत तयार झालेल्या असतात. दोन लाटांमध्ये चौदा सेकंदांचं अंतर असलेला लाटांचा समूह खोल समुद्रात ताशी साधारण 40 किलोमीटर वेगाने प्रवास करतो. तिकडून मुल्कीपर्यंतचं अंतर सहा-सात हजार किलोमीटर. म्हणजे सोमवारी ज्या लाटेवर पाहुणा उभा राहतो, तिचं वादळ आदल्या सोमवारच्या आसपास होऊन गेलेलं असतं. या लाटांवर हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था लक्ष ठेवते आणि किनाऱ्यांसाठी लाटांची उंची, कालावधी आणि धोक्याचे इशारे जाहीर करते. शिक्षक सकाळी चहाआधी मोबाइलवर हे अंदाज बघतो. भरती-ओहोटीची वेळ, अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आहे की अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती, वारा जमिनीकडून की समुद्राकडून, हे सगळं धरून तो धड्याची वेळ ठरवतो. पाहुण्याला नाश्त्यानंतर, सावकाश दहा वाजता यायचं असतं. तोवर समुद्राकडचा वारा सुटलेला असतो आणि लाटांचा आकार मोडायला लागलेला असतो. शिक्षक साडेसहाला बोलावत असेल, तर निमूटपणे उठून जावं.

वाळूवरचा भाग अर्ध्या तासात आटोपतो. नवशिक्याला आठ-नऊ फुटांचा, वरून मऊ फोमचा बोर्ड देतात, कारण लांब-रुंद बोर्ड जास्त तरंगतो, कमी डगमगतो आणि डोक्याला लागला तरी इजा कमी करतो. आधी एक जुनी युक्ती होते. सरळ उभं करून शिक्षक पाठीमागून, न सांगता, हलकंच ढकलतो आणि तोल सावरायला कुठला पाय पुढे पडतो ते बघतो. त्यावरून बोर्डावर कुठला पाय पुढे ठेवायचा ते ठरतं. डावा पुढे असणाऱ्याला ‘रेग्युलर’ म्हणतात, उजवा पुढे असणाऱ्याला ‘गूफी’. दोन्ही तितकेच चांगले. बोर्डाला जोडणारी दोरी, म्हणजे लीश, मागच्या पायाला बांधतात. मग ‘पॉप-अप’चा सराव: पालथं झोपायचं, तळवे छातीजवळ टेकवायचे, अंग उचलायचं आणि एका झटक्यात पाय खाली आणून उभं राहायचं. बहुतेक जण आधी गुडघे टेकतात. शिक्षक ही सवय वाळूवरच मोडायला बघतो, कारण पाण्यात एकदा गुडघे टेकले की तिथून उठेपर्यंत लाट संपलेली असते.

मग पाणी. नाशिकहून आलेली, चाळिशीतली, तलावात व्यवस्थित पोहणारी पण समुद्रात गुडघ्यापलीकडे कधी न गेलेली एखादी बाई बोर्डावर पालथी असते. पायाची बोटं बोर्डाच्या शेपटाला लागलेली, पुढचं टोक पाण्याच्या जेमतेम वर. टोक पाण्यात बुडत असेल तर ती फार पुढे सरकली आहे. हवेत वर उचललं गेलं असेल तर फार मागे. शिक्षक एका हाताने बोर्डाची शेपटी धरून उभा असतो आणि मान वळवून मागे बघत असतो. एक लाट येते, जाते. दुसरी येते, जाते. बाईंना वाटतं, याही चांगल्याच होत्या की. शिक्षक म्हणतो, “अभी नहीं, मॅडम.” पहिली आधीच फुटलेली होती, दुसरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कोसळणार होती. मग तो बोर्ड किनाऱ्याकडे सरळ करतो, “पॅडल, पॅडल” म्हणतो, आणि शेपटाला जोर लागतो. आधी मागून उचलल्यासारखं होतं, मग बोर्ड आपणहून घसरायला लागतो. “अब!” त्या एका शब्दावर उठायचं असतं. नजर खाली पायांकडे गेली की तोल गेलाच. समोर किनाऱ्यावरच्या एखाद्या माडाकडे बघत राहिलं, तर तीन-चार सेकंद मिळतात. ते तीन-चार सेकंद मिळालेला माणूस पाण्यातून वर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप करावा असं मनापासून वाटतं.

पडणं इथे वारंवार होतं, म्हणून तेही शिकवावं लागतं. डोक्यावर सूर मारायचा नाही, कारण खाली वाळू जवळच असते. आडवं, पसरून पडायचं. वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, कारण बोर्ड कुठे असेल सांगता येत नाही. चालत आत जाताना बोर्ड आपण आणि लाट यांच्या मध्ये कधीच धरायचा नाही. लाट तो थेट छातीवर आदळते.

आणि जिथे फेस दिसत नाही तो पट्टा. सुरुवातीला शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नांतला हा सर्वांत मोलाचा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या खोल घळीतून जोराने आत ओढलं जातं. तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे अनोळखी माणसाला तीच जागा सर्वांत शांत वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक कॉलेज विद्यार्थी बुडाले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. घाटावरची माणसं विहिरीत, नदीत उत्तम पोहतात. ओढणारं, उसळणारं पाणी मात्र त्यांच्या ओळखीचं नसतं. अशा प्रवाहात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही. बोर्ड धरून तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि किनाऱ्याला समांतर सरकत बाहेर पडायचं. एवढी एक गोष्ट धड्यातून घरी आली आणि पुढच्या वर्षी अलिबागला किंवा गणपतीपुळ्याला मुलांना पाण्यात सोडताना आठवली, तरी पैसे वसूल झाले असं समजावं.

गटात शिकणं स्वस्त पडतं आणि मित्रमंडळी सोबत असतील तर मजेचंही असतं. पण गटात एक शिक्षक चार-पाच जणांना ढकलत असतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या लाटा तेवढ्याच कमी. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचे खांदे तासाभरात दुखायला लागतात. त्याच्याकडे रांगेत घालवायला वेळ नसतो. पाण्याची भीती असलेल्याला तर खासगी धडाच घ्यावा. भीती लपवून गटात शिरलेला माणूस लाटांपेक्षा इतरांच्या नजरांशी जास्त झगडतो. तरुणांनी आणि उत्तम पोहणाऱ्यांनी पहिला धडा एकट्याने घेऊन पुढचे गटात घेतले तरी चालतं.

शिकवणारे कोण आहेत, हेही बघावं. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मच्छीमार कुटुंबातल्या मूर्ती मेगवनने गावातल्या मुलांना सर्फिंगकडे वळवलं, आणि आज तिथली तरुण पोरं देशातल्या अव्वल सर्फरांत गणली जातात. भारताच्या रमेश बुधियालने 2025 मध्ये मामल्लपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. मच्छीमारांच्या मुलांनी होडी लाटांतून बाहेर काढायला कुठल्या क्षणी ढकलायची, ते आजोबांना, वडिलांना बघत शिकलेलं असतं. पाहुण्याच्या बोर्डाला तोच अंदाज मिळतो. अशा शिक्षकाशी अदबीने वागावं, त्याने “आज नको” म्हटलं तर पैशांचा जोर दाखवू नये.

बुकिंग करताना दोन-तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: शिक्षकाने जीवरक्षकाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, समुद्र बिघडला तर धडा पुढे ढकलता येतो का, आणि पाण्यात तो पूर्ण वेळ सोबत असणार का. स्वतःचं पोहणं, दमा, खांद्याचं किंवा कमरेचं दुखणं आधीच खरं खरं सांगावं. पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा टी-शर्ट, म्हणजे रॅश गार्ड, घालावा. बोर्डावर पोट आणि छाती घासून निघते आणि पाठ भाजते. पाठोपाठच्या दोन सकाळी राखून ठेवता आल्या तर उत्तम. दुसऱ्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासासाठी शिक्षकाला सांगावं की आता लाट मी निवडते, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. सुरुवातीला बहुतेक वेळा “नाही”च ऐकू येईल. प्रत्येक नकाराचं कारण तिथेच, पाण्यात उभ्या उभ्या विचारून घ्यावं.