कुलूप आणि पाटी

मंडळी, मागच्या वेळी आपण एका प्रश्नावर थांबलो होतो. सीताबर्डीत बसून आपण एखादी वेबसाइट उघडायला गेलो आणि ती उघडलीच नाही, तर अडवलं कुणी आणि कुठं?

पहिली जागा म्हणजे डीएनएस. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी ही वही. ती बहुधा आपल्या इंटरनेट कंपनीचीच असते. तिनं चुकीचा पत्ता दिला, की आपण भलत्याच दारात. यावर लोक साधा उपाय करतात: सेटिंगमध्ये दुसऱ्या कुणाची वही लावतात, जसं गूगलची ८.८.८.८.

दुसरी जागा जरा बारकाईची. एचटीटीपीएसमुळे मजकूर बंद पाकिटातून जातो, हे खरं. पण जोडणी सुरू होताना वेबसाइटचं नाव सहसा पाकिटावर उघडंच असतं. त्याला एसएनआय म्हणतात. कंपनी ते वाचते आणि जोडणी तोडते. इथं वही बदलून भागत नाही. मग व्हीपीएन येतो, म्हणजे पाकिटात पाकीट. कंपनीला फक्त व्हीपीएनचा पत्ता दिसतो.

आता गंमत बघा. आपण कुठं जातो हे कंपनीला कळेनासं होतं, पण व्हीपीएनवाल्याला कळतं! विश्वास ठेवावा लागतोच, फक्त माणूस बदलतो. फुकटचा व्हीपीएन घेताना एवढं ध्यानात ठेवू या.

पण अडवायला सांगतं कोण? कधी सरकार, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. आणि २००९च्या नियमांतला १६वा नियम ही कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. कधी न्यायालय. २०१६मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या पायरसीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. न्या. गौतम पटेल यांनी सरसकट अख्ख्या वेबसाइट बंद करायला नकार दिला. नेमक्या लिंक तपासून द्या, म्हणाले. शिवाय अडवलेल्या पानावर कोणत्या आदेशानं अडवलं आणि हरकत असेल तर कुठं जायचं, हे लिहायला लावलं.

आम्हाला मोलाची वाटते ती ही पाटी. वळसा घालणाऱ्याला फार तर पान दिसतं. कुलूप तसंच राहतं, आणि ज्याला वळसा ठाऊक नाही तो बाहेरच. पाटी असली, तर निदान कुणाला जाब विचारायचा ते कळतं.

तेव्हा पुढच्या वेळी पान अडलं, तर आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचू या. काहीच लिहिलेलं नसेल, तर पहिला प्रश्न तोच.