नियंत्रित औषधांची मोजदाद : दीर्घकालीन शुश्रूषेतील एक विचार

परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या गावी असाध्य कर्करोगाने अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा बहुधा घरच्या माणसांकडेच असते. अशा रुग्णाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फीन हे प्रमुख औषध होय. परंतु तेच व्यसनाचे आणि चोरट्या व्यापाराचेही साधन होऊ शकते. यास्तव त्याची गोळीन् गोळी मोजावी लागते. मात्र ही मोजदाद केवळ चोरी पकडण्याकरिता असते, हा समज अपुरा आहे.

प्रथम कायद्याची पार्श्वभूमी पाहू. गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याने कठोर शिक्षा आणि अनेक परवान्यांची अट आणली. परिणामी अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले व वेदनाग्रस्तांची उपेक्षा झाली. २०१४ च्या दुरुस्तीने ही कोंडी फोडली. मॉर्फीन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरविण्यात आली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. या सवलतीची दुसरी बाजू म्हणजे चोख नोंद.

नोंदीचे तत्त्व साधे आहे. आरंभीची शिल्लक अधिक आवक, वजा दिलेली मात्रा, वजा नष्ट केलेली मात्रा, बरोबर अखेरची शिल्लक. रुग्णालयात पाळी बदलताना येणारी आणि जाणारी अशा दोन्ही परिचारिकांनी औषध प्रत्यक्ष मोजून स्वाक्षरी करावी. चुकलेला आकडा खोडून नाहीसा करू नये; तो वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती व स्वाक्षरी करावी. नोंदीचे मोल तिच्या स्वच्छतेत नसून तिच्या विश्वसनीयतेत असते.

आता घरच्या शुश्रूषेचे एक कल्पित उदाहरण घेऊ. दर चार तासांनी १० मिलिग्रॅमची एक गोळी, म्हणजे दिवसास ६ आणि १४ दिवसांस ८४ गोळ्या दिल्या. पूर्ण १० दिवसांनी २४ उरावयास हव्यात. भेटीस गेलेल्या परिचारिकेस १८ आढळल्या, तर संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु अचानक उसळलेल्या वेदनेसाठी जादा गोळी दिली गेली असेल, किंवा उलटीत पडलेली मात्रा पुन्हा द्यावी लागली असेल. उलटपक्षी ३० आढळल्या, तर सहा वेळा औषध चुकले आहे. झोपमोड नको म्हणून सुनेने रात्रीची गोळी टाळली काय, बद्धकोष्ठाचा त्रास झाला काय, की 'सवय लागेल' या भीतीने रुग्णानेच नकार दिला? कमी भरलेल्या हिशेबाची चौकशी सर्वत्र होते. जास्त भरलेल्या हिशेबाची क्वचितच. वस्तुतः त्या सहा गोळ्या सहन केलेल्या वेदनेची खूण असू शकतात. आणि हिशेब तंतोतंत जुळला, तरी वेदना शमली असे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून शिलकेच्या रकान्याशेजारी वेदनेची तीव्रताही नोंदविणे इष्ट होय.

रुग्णाच्या मृत्यूनंतर उरलेल्या गोळ्या शोकाकुल घरात विसरल्या जाण्याचा संभव असतो. त्या कुटुंबीयांसमक्ष मोजून, नोंदवून संस्थेकडे परत नेणे हे शुश्रूषेचे अखेरचे कर्तव्य समजावे.

सारांश, मोजदाद सैल झाली तर औषधावरील विश्वास उडतो आणि पुन्हा ते कुलपात अडकते. ती केवळ पोलिसी दृष्टीने केली तर घरची माणसे औषध देण्यासच भितात. दोन्ही परी सोसावे लागते ते रुग्णासच.