आधी खडक, मग उपाय

फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातील हजारो पत्राशेड आणि भंगाराची गोदामे पाडली. जमीन मोकळी झाली. मला तेव्हापासून एकच प्रश्न सतावतो आहे : वरचे हलवले, खाली काही मुरले असेल तर त्याचे काय करायचे?

भूशास्त्र मी रीतसर शिकलेलो नाही. पिंपरी ते चाकण विहिरी पाहत आणि वाचत जे कळले ते सांगतो. आपल्याकडचा घट्ट काळा पाषाण पाणी शोषत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे एक विहीर नासते आणि शंभर पावलांवरची चांगली राहू शकते.

क्रोम प्लेटिंगचे उदाहरण घेऊ. त्यातले षट्संयुजी क्रोमियम विषारी असते आणि पाण्याबरोबर वाहते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पाणी उपसून शुद्ध करायचे, तर पंप वर्षानुवर्षे चालवावा लागतो. तो थांबला की भेगांत अडकलेले विष पुन्हा पाण्यात उतरते. निघालेला घातक गाळ रांजणगावसारख्या प्रकल्पात न्यावा लागतो, तो वेगळाच. दुसरा मार्ग जमिनीतच मळीसारखे खाद्य सोडण्याचा. त्यावर जिवाणू वाढतात, प्राणवायू संपतो आणि क्रोमियम त्रिसंयुजी होऊन जागीच बसते. कॅलिफोर्नियातील हिंक्ली येथे यासाठी इथेनॉल वापरले. मात्र यात खडकातले मँगनीज सुटू शकते. आणि खाद्य नेमक्या भेगेत पोचले नाही, तर खर्च वाया.

म्हणून क्रम पाळावा लागतो. आधी उगम बंद करायचा आणि विहिरीवर अवलंबून असलेल्यांना दुसरे पाणी द्यायचे. मग पावसाळ्याआधी व नंतर पातळी मोजून प्रवाहाची दिशा शोधायची. पद्धत त्यानंतर निवडायची.

जुलै २०२५मध्ये केंद्राने दूषित स्थळांचे नियम आणले. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने कळवायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायची, खर्च दोषीने सोसायचा. पण पाणी किती स्वच्छ करायचे, कारखान्यापुरते, शेतीपुरते की पिण्याजोगे, यावर पद्धत, खर्च आणि वर्षे अवलंबून असतात. चाकणजवळच्या एका शेतकऱ्याने मला विचारले होते, "शुद्ध होईल म्हणता, पण माझ्या हयातीत का?" हा प्रश्न ज्या बैठकीत पद्धत ठरते, तिथे त्यानेच विचारायला हवा. आज त्याला त्या बैठकीचे निमंत्रण नसते.