घर बांधताना (भाग ६) : जोत्यापासून भोगवट्यापर्यंत

मागच्या आठवड्यात आपण बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रापाशी थांबलो होतो. ते हातात पडलं की आता महापालिकेशी गाठ थेट इमारत उभी राहिल्यावरच, असं बहुतेक घरमालक धरून चालतात. तसं नाही. मध्ये एकदा पालिकेच्या माणसाला जागेवर बोलवावं लागतं आणि ते बोलावणं तुमच्याकडूनच जावं लागतं.

ती वेळ जोत्याची. पाया भरून काम जोत्यापर्यंत आलं, की तुमच्या आर्किटेक्टने किंवा परवानाधारक अभियंत्याने लेखी कळवून तपासणी मागायची. पालिकेचा अभियंता टेप लावून मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष आखणी ताडून पाहतो. त्याचं मुख्य लक्ष सामासिक अंतरांवर असतं, म्हणजे रस्त्यापासून आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून सोडलेल्या मोकळ्या जागेवर. इथे फूटभर फरक निघाला तर तो अजून सुधारता येतो. तिसरा स्लॅब पडल्यावर सापडला, तर सुधारित नकाशा आणि दंड, आणि नियमात बसतच नसेल तर पाडकाम. कंत्राटदार म्हणेल, ‘तपासणी होईल हो मागाहून, सेंटरिंगची माणसं मोकळी बसलीत.’ त्याचं ऐकू नका. जोता तपासणीचा दाखला मिळेपर्यंत वरचं काम थांबवा.

इमारत पुरी झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज करायचा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, पाणी आणि ड्रेनेज विभागाचे दाखले, लिफ्ट असेल तर तिचा परवाना, उंच इमारतीला अग्निशमन दलाचा अंतिम ना हरकत दाखला, अशी ही जुळवाजुळव. यातला एक कागद अडला की अर्ज अडतो, त्यामुळे प्लास्टर चालू असतानाच त्यामागे लागावं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६३ प्रमाणे बांधकाम पुरं झाल्यापासून महिन्याभरात आयुक्तांना तशी नोटीस द्यावी लागते. त्यानंतर २१ दिवसांत नकार कळवला गेला नाही, तर वापर सुरू करण्याची मुभा कायदाच देतो. म्हणून अर्जाची तारखेसह पोच जपून ठेवा. तरीही माझं स्पष्ट मत आहे, की या मुभेवर विसंबू नये, प्रमाणपत्र हाती घ्यावं. बँक आणि पुढचा खरेदीदार कागदच मागतात.

भोगवटा अडतो तो बहुधा नकाशात नसलेल्या गोष्टींवर : बंद केलेली बाल्कनी, पार्किंगच्या जागेत काढलेलं दुकान, गच्चीवरची खोली. नकाशाबाहेरचं काही करायचं असेल तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या.

प्रमाणपत्राशिवाय राहायला गेलं तर काय होतं, हे मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेने भोगलं आहे. सभासदांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, पण विकासकाने भोगवटा प्रमाणपत्र मिळवलंच नाही. परिणामी संस्थेला मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ११ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने प्रमाणपत्र न मिळवणं ही सेवेतली त्रुटी ठरवली आणि जोवर ते मिळत नाही तोवर विकासकाची चूक चालूच राहते, असंही म्हटलं. त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले : वीज, पाणी, मलनिस्सारण यांची जोडणी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्यावी आणि बँकांनीही इमारत तारण घेण्याआधी तो तपासावा.

तुम्ही फ्लॅट घेणार असाल तर चावी घेण्याआधी भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. ‘अर्ज केलाय, येईलच’ असं उत्तर मिळालं, तर अर्जाची पोच पाहा आणि प्रमाणपत्र येईपर्यंत ताबा घेऊ नका. प्रमाणपत्र मिळण्याआधी विकासकाने ताबा देऊ नये आणि ग्राहकाने घेऊ नये, असं महाराष्ट्राचा १९६३ चा मोफा कायदा दोघांनाही बजावतो.