पुढील पिढीच्या बिनतारी जाळ्यांची सुरक्षितता

पुढील पिढीच्या बिनतारी जाळ्यांची सुरक्षितता हा संगणकशास्त्र, गणित आणि दूरसंचार अभियांत्रिकी यांच्या सीमेवरील संशोधनविषय आहे. भ्रमणध्वनी आणि मनोरा यांच्यातील संदेश हवेतून जातात. योग्य उपकरण असलेल्या कोणालाही ते टिपता येतात. म्हणून संदेश गुप्त राहावा, समोरचे जाळे खरे असल्याची खात्री पटावी आणि ग्राहकाचा ठावठिकाणा तिऱ्हाइताला कळू नये, ही या संशोधनाची तीन प्रमुख उद्दिष्टे होत. प्रत्येक पिढीतील काही महत्त्वाचे दोष विद्यापीठांतील संशोधकांनी उघडकीस आणले आहेत.

पार्श्वभूमी

दुसऱ्या पिढीची जीएसएम जाळी १९९१ मध्ये व्यावसायिक वापरात आली. या पद्धतीत जाळे ग्राहकाची ओळख तपासत असे. ग्राहकाच्या यंत्राला मात्र जाळ्याची ओळख तपासता येत नसे. त्यामुळे बनावट मनोरा उभारून आसपासच्या यंत्रांना फसवणे शक्य झाले. शिवाय या जाळ्यातील कूटलेखनाच्या रीती जाहीर केलेल्या नव्हत्या. किल्ली तेवढी गुप्त असावी, रीत उघड झाली तरी बिघडू नये, हे तत्त्व ऑगस्ट केरखॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. १९९८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी, सिमकार्ड हाती आल्यास त्यातील गुप्त किल्ली काढता येते, हे सहकाऱ्यांसमवेत दाखवून दिले. २००० मध्ये बिर्युकोव्ह, शमीर व वॅग्नर यांनी संभाषणाचे कूटलेखन साध्या संगणकावर भेदता येते, असे सिद्ध केले.

तिसऱ्या पिढीत परस्परांची ओळख तपासण्याची सोय झाली. तथापि चौथ्या पिढीपर्यंत, जाळ्याने विचारल्यास ग्राहकाचा कायम ओळखक्रमांक उघड स्वरूपात पाठवला जात असे.

पाचव्या पिढीची पडताळणी

पाचव्या पिढीच्या मानकात या ओळखक्रमांकाचा ग्राहकविशिष्ट भाग कूटबद्ध करून पाठवण्याची तरतूद आली. देश व कंपनी दर्शवणारे अंक उघडच राहतात. हे मानक सर्वांना वाचता येते, त्यामुळे त्याची तपासणी बाहेरच्या अभ्यासकांनाही करता आली. २०१८ मध्ये झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातील डेव्हिड बेसिन व सहकाऱ्यांनी ‘टॅमरिन’ या संगणकप्रणालीच्या साहाय्याने मानकातील ओळख-पडताळणीची गणिती छाननी केली. मानकात स्पष्ट न सांगितलेली काही गृहीतके मान्य केल्याखेरीज अनेक सुरक्षा-उद्दिष्टे साध्य होत नाहीत, असे त्यांना आढळले.

एक दोष ग्राहकाच्या मागावर राहण्यासंबंधीचा आहे. जाळ्याने एखाद्या यंत्राला पाठवलेला पडताळणी-संदेश टिपून तो पुन्हा प्रसारित केला, तर ज्या यंत्रासाठी तो होता ते ‘क्रम जुळत नाही’ असे उत्तर देते. इतर यंत्रे ‘संदेश अस्सल नाही’ असे कळवतात. संदेशातील मजकूर न उलगडताही, हवी ती व्यक्ती परिसरात आहे की नाही, हे केवळ उत्तरांतील या फरकावरून कळते. तिसऱ्या पिढीतील हाच दोष बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये मांडला होता. पत्रकार, साक्षीदार किंवा घरगुती हिंसाचारापासून दूर गेलेली स्त्री यांच्या दृष्टीने असा दोष थेट जिवावर बेतू शकतो.

बुद्धिमान जाळी

लहरींचे वर्गीकरण, वाहतुकीचा अंदाज आणि वारंवारतेचे वाटप ही कामे आता यंत्र-शिक्षणावर सोपवण्याचे प्रयत्न होत आहेत. २०१६ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील टिमोथी ओशे व सहकाऱ्यांनी संकेताची रचना ओळखण्यासाठी कृत्रिम मज्जाजाळ्याचा वापर केला. पुढे स्वीडनमधील लिनशॉपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी याची दुसरी बाजू दाखवली: नेहमीच्या अडथळ्याला लागते त्याहून फारच कमी शक्तीची, पण हेतुपूर्वक घडवलेली लहर मिसळल्यास असे वर्गीकरण चुकते. अशा प्रणालीतील निर्णय लाखो अंकांत विखुरलेला असल्याने मानकातील नियमाप्रमाणे त्याची ओळीनिहाय छाननी करता येत नाही, ही मुख्य अडचण होय.

सहावी पिढी

फिनलंडमधील औलू विद्यापीठाने २०१८ मध्ये सहाव्या पिढीवरील संशोधन कार्यक्रम सुरू केला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यात कृत्रिम बुद्धिमत्ता व संज्ञापन यांच्या एकत्रीकरणाला स्वतंत्र स्थान आहे. सुरक्षितता हीदेखील अपेक्षित क्षमतांमध्ये गणली आहे. भारतात आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली आठ संस्थांनी उभारलेल्या पाचव्या पिढीच्या चाचणी-व्यवस्थेचे उद्घाटन मे २०२२ मध्ये झाले. त्यांत मुंबईच्या आयआयटीचाही समावेश आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने सहाव्या पिढीविषयीचे धोरणपत्र प्रसिद्ध केले.

मानक अंतिम होण्यापूर्वी सापडलेला दोष मसुद्यात दुरुस्त करता येतो; नंतर सापडलेला दोष मात्र वापरात आलेल्या यंत्रांमध्ये वर्षानुवर्षे राहू शकतो. म्हणून सहाव्या पिढीच्या मसुद्यांची स्वतंत्र छाननी आताच होणे आवश्यक ठरते.