चिंडिट: निवडलेले नव्हे, नेमलेले

कमांडो म्हटलं की विशीतला, हजारांतून पारखून घेतलेला, स्वतःहून पुढे आलेला जवान डोळ्यांसमोर येतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीवर घुसलेल्या चिंडिटांबद्दलही हाच समज आहे.

प्रत्यक्षात १९४२ मध्ये चिंडिट दल उभारणारे ब्रिटिश अधिकारी ऑर्ड विंगेट यांच्या हाती आलेल्या ७७ व्या भारतीय ब्रिगेडमधली ब्रिटिश पलटण होती १३ वी किंग्ज. सिकंदराबादला बंदोबस्तासाठी ठेवलेली. सरासरी वय तेहतिशीचं, कितीतरी जण बायकामुलांचे. 'येता का?' असं त्यांना कुणी विचारलं नाही, हुकूम आला. निवड झाली ती नंतर, मध्य भारतातल्या सागरच्या जंगलात, भर पावसाळ्यात. ज्यांचं शरीर टिकलं नाही ते गळले, त्यांच्या जागी दुसरे आले. तरीही माणसं कमी पडली, तेव्हा ब्रिगेडच्या आठ तुकड्यांपैकी सहावी मोडून बाकीच्या सात भरल्या. स्वेच्छेने आलेले होते, पण ते मुख्यतः सुरुंगकाम करणाऱ्या छोट्या कमांडो कंपनीत.

हे दल निव्वळ गोऱ्यांचं होतं, हेही खरं नाही. त्यात गुरख्यांची एक अख्खी बटालियन होती, बरीचशी कोवळ्या, नवख्या पोरांची. बर्मा रायफल्सचे करेन, काचिन, चिन जवान वाट काढत, गावांतून बातमी आणत. माझ्या मते त्यांच्याविना ही मोहीम एक आठवडाही चालली नसती.

आणि पहिल्या मोहिमेत चिंडिट विमानातून उतरले नव्हते. फेब्रुवारी १९४३ मध्ये सुमारे ३,००० माणसं खेचरं घेऊन चिंदविन नदी ओलांडून पायी गेली. आकाशातून पडायची ती फक्त रसद. ग्लायडर आले ते मार्च १९४४ च्या दुसऱ्या मोहिमेत, आणि तेव्हाही एक ब्रिगेड आसाममधल्या लेडोहून चालतच निघाली होती.



पहिल्या मोहिमेतून २,१८२ जण परतले. त्यांतले जेमतेम ६०० पुन्हा लढण्याजोगे राहिले. चालू न शकणाऱ्या जखमींना वाटेतल्या गावात किंवा झाडाखाली, पाण्याची बाटली आणि बंदूक देऊन, मागे ठेवावं लागलं होतं.