दान आलेल्या संगणकाची झडती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. ती नसलेले चांगले संगणक कार्यालयांना नकोसे होतात; लिनक्स टाकून ते सोलापूर जिल्ह्यातल्या शाळेत सहज चालतील. घोडे अडते ते यादीपाशी. प्रत्येक कॅबिनेट उघडून रॅम, डिस्क वहीत टिपायची, म्हणजे वेळ जातो आणि चुकाही होतात.

त्यापेक्षा संगणकालाच विचारावे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले की ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा मॉडेल, अनुक्रमांक आणि रॅम सांगते. ‘स्मार्टसीटीएल’ हार्डडिस्कची तब्येत दाखवते: किती तास चालली, किती खराब सेक्टर बदलावे लागले. हा दुसरा आकडा वाढत असेल तर मुलांचे काम त्या डिस्कवर ठेवू नये. छोटी स्क्रिप्ट हे सारे थेट तक्त्यात भरते.

गोची होते ती असेंबल्ड संगणकांत. तिथे अनुक्रमांकाच्या जागी अनेकदा ‘उत्पादकाने भरावे’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूरच सापडतो! अशा वेळी आपला क्रमांक देऊन क्यूआर कोड चिकटवावा. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत वापरलेली ही खूण जिल्ह्याला नवी नाही.

लॅपटॉपची फुगलेली बॅटरी मात्र डोळ्यांनीच पाहावी लागते. ती टोचू नये, चार्जिंगला लावू नये. अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी.